बाही कोपराच्या वर

वन्सं, तुमच्या शेवटच्या झंपराच्या बाह्या मी आखूड केल्या. विचारलं नाही. विचारायला तुम्ही होतात कुठे? परड्यात चुलीवर तुमच्या आंघोळीचं पाणी तापत होतं, सोप्यात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मी आत जाऊन मशीनवर बसले. तुमचं हिरवं झंपर काढलं, मनगटापर्यंतच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या, कड दुमडली आणि शिवण मारली. मशीनची खडखड सोप्यात गेली तशा तुमच्या काकी दारात आल्या. सासूबाई गेल्यापासून घरात थोरपण त्यांच्याकडे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. "आगं ए, घरात मढं हाय आन् मिशन चालवतीस व्हय?" मी म्हटलं, "होय, चालवते."

नणंद-भावजय म्हटल्यावर भांडण आलंच. पण लोकांच्या घरात दागिन्यावरून होतं, मानपानावरून होतं. आपलं भांडण बाह्यांचं. मी साताऱ्याची, शिवणाचा क्लास केलेली, आईनं लग्नात मशीन दिलं म्हणून नाक वर करून चालणारी. हे तुमचेच शब्द. गावातल्या झाडून सगळ्या बायकांची झंपरं माझ्या हातची, आणि माझ्याच घरातली थोरली नणंद भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्या घालून हिंडते! "सुमन, बाही हितवर पायजे," म्हणून तुम्ही मनगटावर बोट ठेवायचात. मी म्हणायचे, "वन्सं, उकडून मराल अशानं." "मरंन की. पर झाकून मरंन." मेलात, पण झाकून नाही. तेवढं मी होऊ दिलं नाही.

तुम्ही कायमच्या माहेरी आलात ते दुष्काळाच्या साली. तुमची लेक शालन तेव्हा परकर नेसायची, तुमचा पदर सोडायची नाही. जतकडच्या तुमच्या सासरी प्यायला पाणी नव्हतं, सगळं गाव सरकारी कामावर मातीत. बायका रांगेनं उभ्या राहून पाट्या हातोहात पुढे द्यायच्या. तुमच्या हातची पाटी पुढची बाई घेईना. आधी खाली ठेव म्हणाली, मग मी उचलते. रांग अडायला लागली तसं मुकादमानं तुम्हाला रांगेतून काढलं, आणि मुकादमानं काढलं ते बघून सासूनं घरातून काढलं. दाजी पलटणीत. सुट्टीवर आले, आईचं ऐकलं आणि दुसरी करून मोकळे झाले. तुमच्या गळ्यात डोरलं तेवढं राहिलं.

हे सगळं सुरू कशावरून झालं ते तुम्ही मला हसत हसत सांगितलं होतं. म्हणून तर माझा राग जात नाही. कोपरावर आणि गुडघ्यावर जाड लाल चट्टे, वर पांढऱ्या खपल्या. सासूला वाटलं, मळ आहे. दिवाळीच्या आंघोळीला तिनं तुम्हाला पाटावर बसवलं आणि पाय घासायची वजरी घेऊन कोपरं घासायला लागली. खपल्या सुटल्या, खाली रक्ताचे बारीक बारीक ठिपके आले. म्हातारी वजरी टाकून उठली आणि बोंबलली, "मास झडतंय गं बया हिचं!" झालं. मास झडतंय म्हणजे महारोग, आता बोटं झडणार. पुढं तुम्हीच चोरून रोज घासायला लागलात, जावं म्हणून. जितकं घासाल तितकं ते पसरायचं. त्या दुखण्याची खोडच ती, जिथं कातडी सोलली तिथं नवा चट्टा उठतो. पण हे तुम्हाला सांगणार कोण होतं?

माहेर तरी कुठं वेगळं निघालं? काकींनी तुमची कपबशी वेगळी केली, खिडकीत ठेवली. तुमच्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, इस्लामपूरच्या बाजारातनं नायट्याचं मलम आणलं. ते लावल्यावर तुम्ही परड्यात अक्षरशः नाचलात आणि भावाच्या सात पिढ्या काढल्या. त्या तुमच्याच की हो पिढ्या, म्हटलं तर म्हणालात, "असूदे, माझ्या बी काडते!" मग उसाचं पाचट काढायला गेलात. पाल्यानं हातावर चिरा पडल्या, आणि थोड्या दिवसांनी जिथं चीर तिथं चट्टा, अगदी सरळ रेघेत. देवऋषी म्हणाला, अंगावरनं नाग फिरलाय. कुणी म्हणालं करणी. मी म्हणाले, "वन्सं, सांगलीला जाऊ." तुम्ही खाली बघून म्हणालात, "आन् त्येंनी बी महारोगच सांगितला म्हंजे?" कुणालाही न भिणारी बाई तुम्ही. त्या दिवशी भ्यालात.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातली ती डॉक्टरीणबाई आठवते का? चष्मेवाली, कमी बोलणारी. तिनं तुम्हाला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि बाह्या वर करायला लावल्या. "खाजतं का?" "खाजतं म्हंजे? रगात येस्तवर खाजवते की." मग तिनं तुम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर कापसाची बारीक वात टेकवली. "कुठं लागलं, बोट ठेवा." तुम्ही दर वेळी नेमकं बोट ठेवलंत. मग तिनं सुई टोचली.

"आयायाया! आगं बया, टोचतीस का भोसकतीस?"

अख्खी ओळ मागं वळून बघायला लागली. मला मेलं तोंड कुठं लपवू असं झालं. आणि ती बाई चक्क हसली. म्हणाली, "हेच ऐकायचं होतं मला. महारोगाचा चट्टा बधिर असतो. तिथं कापूस कळत नाही, सुई कळत नाही, सहसा खाजही नसते. तुमचं सगळं शाबूत आहे." तिनं काचेच्या पट्टीनं खपली हलकेच खरवडली. चांदीसारखे पापुद्रे निघाले आणि खाली तेच रक्ताचे ठिपके, ज्यांच्यापायी तुमचा संसार मोडला. "हे मास झडणं नाही," ती म्हणाली. "कातडी भराभर तयार होतेय, जुनी निघायच्या आधी नवी खालून येतेय, तिचा हा थर. खालच्या बारीक शिरा वरच असतात, खरवडलं की त्या फुटतात." मग तुमची नखं मला दाखवली. नखांवर बारीक खळगे, शिवणाच्या अंगुस्तानावर असतात ना, तसे. रोज अंगुस्तान बोटात घालणारी मी, आणि तुमच्या नखांकडे कधी बघितलं नव्हतं. चट्ट्याची कड बघा म्हणाली. बेतून कापलेल्या कापडासारखी कड, आत चट्टा आणि बाहेर साफ कातडी, मधे धूसर काही नाही. डोक्यातही केसांच्या कडेला तसंच, ज्याला आपण कोंडा म्हणत होतो.

सोरायसिस म्हणतात, ती म्हणाली. कुणाचं कुणाला लागत नाही, कपबशीनं नाही, एका अंथरुणात निजून नाही. "पण मुळासकट जाईल असंही मी सांगणार नाही. येईल, जाईल, थंडीत वाढेल. कधी घराण्यात उतरतं, कधी उतरत नाही. घासू नका. अंगाला तेल लावा, सकाळचं कोवळं ऊन घ्या. आणि उसात जाताना लांब बाह्या घाला, पाला चिरता कामा नये."

तुम्ही लगेच माझ्याकडे वळलात. डोळ्यांत पाणी, आणि तरी जिंकल्याचा आव! "बग! डाक्टरीनबाई बी लांब बाह्याच म्हंत्यात."

"उसात! उसात म्हणाल्या त्या!" मी ओरडले. तिथंही भांडलोच आपण.

परतताना एसटीत तुम्ही माझ्या हातातला पेरू घेतलात, अर्धा खाल्लात आणि उरलेला पुढं केलात. तोपर्यंत तुम्ही कुणाला हातानं काही देत नव्हतात, खाली ठेवायचात. मी तो पेरू बियांसकट खाल्ला. घरी आल्यावर खिडकीतल्या तुमच्या कपबशीत मी चहा ओतून घेतला आणि काकींच्या समोर बसून प्याले. काकी दोन घरं सोडून ऐकू जाईल असं ओरडल्या.

डॉक्टरीणबाईनं दिलेल्या काळ्या मलमाला डांबराचा वास यायचा. सगळं घर नवी सडक केल्यासारखं वास मारायचं. "मी सडक हाय आता," तुम्ही म्हणायचात, "जावा माझ्यावरनं येष्टी घेऊन." तुमच्या पाठीला हात पोचत नव्हता म्हणून मी लावायचे. असंच एकदा लावत असताना तुम्ही पाठमोऱ्याच म्हणालात, "सुमन, आन् महारोगच निघाला असता तर? तवा लावलं असतंस का गं हातानं?"

"लावलं असतं."

"बोलाय काय जातंय."

मी चिडले. म्हटलं, महारोगाला पण गोळ्या आहेत म्हणाली की डॉक्टरीणबाई, ते काय पाप आहे का? तुम्ही म्हणालात, "आसंल. पर तू लावलं असतंस का?" पुढं कितीदा तुम्ही हे उकरून काढलंत, आणि दर वेळी मी असतं म्हणाले आणि तुम्ही मानलं नाहीत. हे भांडण अर्धं टाकून गेलात, वन्सं. आणि आता मला कळतं की तुमचा प्रश्न खरा होता. आपण दोघी गावभर ओरडत होतो, हा महारोग नव्हे, हा महारोग नव्हे. म्हणजे ज्याला तो आहे त्याला खुशाल रांगेतून काढा, असंच ना? तुमची पाटी त्या बाईनं महारोग असता तरी घ्यायला हवी होती. मी अजून सांगते, लावलं असतं. माना, नाहीतर नका मानू.

गावाला मात्र मी सोडलं नाही. मापं घेणारीला काय दिसत नाही? कुजबुजणाऱ्या एकेकीची कातडी मला पाठ आहे. परकराच्या नाडीखाली गोल गोल गजकर्ण, कडेला उठलेलं आणि मधे निवळलेलं, आणि बाई म्हणते घामोळं आहे. एकीच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज, घरातलं पोर न् पोर रात्रभर खाजवतंय, आणि ती मला विचारते, तुमच्या नणंदेची भांडी वेगळी ठेवता ना? मी म्हटलं, "बाई, लागणारं दुखणं तुमच्याकडं आहे. आधी तुमची वाकळ उन्हात टाका, आणि सगळ्या घरानं एकदम औषध लावा, नाहीतर जायचं नाही ते." ती तेव्हापासून दुसरीकडे शिवते. शिवू दे. आणखी एकीच्या घोट्याला इसब, पाणी सुटलेलं, ती त्यावर चुना लावत होती. तिला मी दवाखान्यात धाडलं. नावं घेत नाही, कुणाच्या अंगावरचं मी चव्हाट्यावर मांडत नाही. पण तुमच्या अंगावरचं सगळ्यांनी मांडलं, आणि तुम्ही एकट्याच झाकत राहिलात. ह्याचा मला राग यायचा, तुमचा नव्हे. हे तुम्हाला कधी नीट सांगायचं राहिलं.

मग ताप आला, छातीत उतरला आणि बघता बघता तुम्ही गेलात. फुप्फुसाचं दुखणं, डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. पण बायका काय म्हणाल्या? "त्यो रोग आत शिरला." घ्या! आणि पाणी तापलं तरी तांब्या कुणी हातात घेईना. काकी म्हणाल्या, "वरनंच पानी वता. हळद लांबनं लावा." सवाष्ण बाई तुम्ही. नवरा दुसरीकडे नांदत असला तरी सवाष्णच, आणि तुम्हाला हळद लांबून?

मी बसले. तुमचं डोकं मांडीवर घेतलं. शालननं पाणी घातलं. आधी कोपरांना तेल लावलं, मग हळद, हळूहळू, अजून दुखेल असं वाटत होतं मला. नहाणीतली वजरी कुणी सवयीनं आणून ठेवली होती, ती उचलून परड्याच्या भिंतीवरनं पलीकडे फेकली. मग बायका उठल्या. सगळ्या नाहीत, पण उठल्या. एकीनं मळवट भरला, एकीनं बांगड्या चढवल्या. हिरवं झंपर घातलं तेव्हा तुमची कोपरं उघडी होती आणि चट्टे होते तसे होते. सगळ्या गावानं बघितले. बघायलाच पाहिजे होते.

बाह्यांचं भांडण मी जिंकले, वन्सं. तुम्ही भांडायला नव्हतात म्हणून जिंकले. असलं जिंकणं मला नको होतं. उठून माझा हात धरला असतात, "हितवर पायजे" म्हणाल्या असतात, तर पुन्हा जोडून दिल्या असत्या लांब बाह्या, देवाशपथ.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं लांबून शिव म्हणून.

आता शालनचं सांगते. त्यासाठीच तर एवढं बोलत बसले. दहावा उरकून आलो आणि तिनं मला आत बोलावलं, पदर बाजूला केला. "मामी, हे बग." उजव्या कोपरावर नाण्याएवढा लाल चट्टा, वर पांढरी खपली, कड कापल्यासारखी. मी रडले. तुमच्यासाठी अंगणात रडले नव्हते तेवढी तिथं रडले. मग डोळे पुसून शिवणाची सुई घेतली. टोचल्यावर पोरगी तुमच्याच सुरात किंचाळली. रडता रडता हसू आलं दोघींना.

तिचं स्थळ तुम्हाला पसंत होतं. औंधाकडचं घर, मुलगा पलटणीत, सुपारी फोडायची तेवढी राहिलेली. काकींचं म्हणणं एकच, "वरसाच्या आत लगीन लावा आन् गप बसा. कोपार काय कोन बगाय येतंय?" मी म्हटलं, मी सांगणार. "पोरीचं वाटोळं करशील." करीन, पण चोरून देणार नाही. आईला ज्या घरानं अंग बघून हाकललं, तसल्या घरात पोर आंधळेपणानं धाडायची नाही.

मुलाची आई तुमच्या दुखवट्याला भेटायला आली. बाई वाईट नाही. तुमचं नाव काढून खरंच रडली. मग मी सगळं सांगितलं, सोरायसिस काय, महारोग काय, आणि शालनला बोलावून तिचं कोपर दाखवलं. बाईनं वाकून बघितलं. लागत नाही ना, एवढं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. शेवटी म्हणाली, "आमची हरकत न्हाई. फकस्त बाह्या तेवढ्या लांब शिवा. यमाईच्या जत्रंला समदी भावकी येतीया, दिसाय नगं."

काकींनी सुस्कारा सोडला. ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, घे मिटव म्हणून. आणि वन्सं, इतकी वर्षं तुमच्याशी ह्याच एका गोष्टीवर भांडलेली मी, माझी जीभ उचलेना. एवढी बाही लांब केली की पोरीचा संसार उभा राहत होता. बोलले तर तो मोडणार होता, आणि संसार माझा नव्हता. मी शालनकडे बघितलं.

ती उभीच होती, चहाचं ताट हातात. म्हणाली, "मावशी, उसात जाताना घालीन की लांब बाह्या. पाला चिरतोय, डाक्टरीनबाईनी आईला सांगितलंया. पर लपवाय घालायची न्हाई. माझ्या आईनं जलमभर घातल्या, तिला कोनी ठिवून घेतलं न्हाई."

ती बाई उठली, "इचारून कळवतो" म्हणाली आणि गेली. शालनच्या हातचा चहा तिनं संपवला होता. त्यावरून मी काही धरून चालत नाही. निरोप अजून आलेला नाही. काकी माझ्याशी बोलत नाहीत, हे उठता बसता उसासे टाकतात, आणि येणार नाही असंच सगळे धरून चाललेत. न का येईना.

आज दुपारी मी शालनला म्हटलं, सुतक फिटलं, एक नवं झंपर शिवू. ती हात पसरून पुढ्यात उभी राहिली. खांदा मापला, छाती मापली. दंडावर टेप धरला आणि माझा हात थांबला, कारण इथं तुम्ही दर वेळी बोट ठेवायचात. मी विचारलं, "बाही कुठवर गं?"

ती म्हणाली, "आईला शेवटी घातली तवडीच."